गॅलरीतला लिंबूटिंबू

डबा ऐसपैस रंगात आला की घरातलं शेंडेफळ "मी पण" म्हणत मध्ये घुसतंच. मोठी मुलं त्याला हाकलत नाहीत, 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. ते पळतं, लपतं, पकडलंही जातं, पण त्याच्यावर राज्य काही येत नाही. नगरच्या सावेडीत किंवा केडगावात, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ग्रिलला टेकून उभ्या असलेल्या कुंडीतल्या लिंबाचं असंच असतं. त्याला पानं येतात, काटे येतात. पाहुणे "अरे वा, लिंबू का?" म्हणत एखादं पान चुरगळून नाकाला लावतात. लिंबू तेवढं येत नाही. पोह्यांवर पिळायची फोड खालच्या भाजीवाल्याकडूनच येते.

हे एखाद्या गारठलेल्या मुलखात घडलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. पण हा नगर जिल्हा आहे, 2024 पासून सरकारदरबारी अहिल्यानगर. (बोलताना माणसं जुन्या सवयीने नुसतं 'नगर' म्हणतात आणि ते दोन्ही नावांत बसतं, ही एक सोयच झाली.) क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, 17,000 चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीकडे, पाऊस कोसळतो. दक्षिणेला श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडे तेच ढग नुसते बघून पुढे जातात. आणि या कोरड्या अंगालाच लिंबू पिकतं. श्रीगोंद्याची, कर्जतची लिंबं गोण्यांत भरून पुण्याच्या गुलटेकडीला आणि नव्या मुंबईतल्या वाशीला जातात. म्हणजे ज्याच्या गॅलरीत लिंबू फळत नाही, त्याच्याच मामाच्या मळ्यात लिंबाची दोन-अडीचशे झाडं असण्याची बरीच शक्यता. दोघांत अंतर जेमतेम सत्तर किलोमीटरांचं.

मामाच्या मळ्यात दोन झाडांमध्ये सहा मीटर जागा सोडलेली असते. हेक्टरी 277 झाडं बसतात, ती या हिशेबाने. एका झाडाच्या वाट्याला 36 चौरस मीटर जमीन येते. मुळांनी हवं तिकडे हिंडावं. गॅलरीत जी मोठ्यात मोठी कुंडी मावते तिचं तोंड अठरा इंचांचं. तिच्यातली माती वरून मोजली तर चौरस मीटरचा सहावा हिस्सासुद्धा भरत नाही. मळ्यातल्या झाडाच्या वाट्याचा हा साधारण सव्वादोनशेवा तुकडा. वाटणीचा दावा गेला, तर कुठलाही पंच लिंबाच्याच बाजूने निकाल देईल.

जुन्या वाड्यांत हा प्रश्न नव्हता. लिंबू परसात असायचं, न्हाणीच्या मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे. त्याला मुद्दाम पाणी घातल्याचं घरात कोणाला आठवत नाही. घरातली माणसं आंघोळी करायची, त्यात झाडाचं भागायचं. वाडा पडला, तिथे इमारत आली, परसाचं पार्किंग झालं. मोरीचं पाणी आता पाइपातून थेट गटाराला जातं. उरली गॅलरी. तिथे लिंबाची कुंडी ठेवायची म्हटली की घरातलं एखादं वडीलधारं "काटेरी झाड घरात नको" म्हणून एकदा सांगून घेतं. गंमत अशी की दर शनिवारी दाराला सात मिरच्या आणि एक लिंबू टांगायला त्यांची ना नसते. जिल्ह्यातच, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना कवाडंच लावत नाहीत. लिंबू-मिरची टांगायची तर तिथे रिकाम्या चौकटीलाच टांगावी लागेल.

लिंबाला छपराखाली घेण्याची रीत तशी आपली नाही. ती थंड देशांची. उत्तर इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिंबाच्या बागांना दगडी खांब उभारलेले असतात. हिवाळा आला की त्यांवर लाकडी छप्पर आणि तावदानं चढवायची, वसंतात सगळं उतरवून ठेवायचं. तस्कनीत झाडं भल्यामोठ्या मातीच्या कुंड्यांत लावतात आणि थंडीपुरती एका लांबट इमारतीत ओढून नेतात. त्या इमारतीला 'लिमोनाया' म्हणतात. आपण गोठा म्हणतो, तितक्या सहजपणे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने 1684 ते 1686 या काळात व्हर्सायला संत्र्या-लिंबांसाठी जे हिवाळी घर बांधून घेतलं, ते तर राजवाड्याच्याच तोलाचं. तिथली झाडं लाकडी पेट्यांत लावलेली. पेटीच्या बाजू उघडता येतात, त्यामुळे झाड न हलवता मुळं तपासता येतात, माती बदलता येते. पण या सगळ्या थाटात झाड आत राहायचं ते थंडीचे काही महिने. मे महिना लागला की इटलीत काय आणि फ्रान्सात काय, लिंबू पुन्हा उन्हात. बारा महिने घरात ठेवून त्याच्याकडून फळाची अपेक्षा करणं राजालाही सुचलं नव्हतं.

कुंडीत आनंदाने राहणारं लिंबू सापडलं ते चीनमध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी झाडं गोळा करत पायी हिंडणाऱ्या फ्रँक मेयरने 1908 मध्ये ते तिकडे पाठवलं. बीजिंगच्या आसपास लोक ते शोभेसाठी दारात, कुंडीत वाढवत असत. झाड बुटकं, फळ गोल, साल केशरीकडे झुकणारी आणि आंबटपणा बेताचा. मेयर 1918 मध्ये यांगत्से नदीत बुडून गेला. लिंबाला त्याचं नाव राहिलं. पुढे त्या झाडांत ट्रिस्टेझा नावाच्या विषाणूचा छुपा मुक्काम आढळला. स्वतः झाड ठणठणीत दिसायचं आणि शेजारच्या बागा मरायच्या. म्हणून कॅलिफोर्नियात निवडून काढलेलं रोगमुक्त मेयर 1975 मध्ये नव्याने बाजारात आलं. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनजवळच्या मराठी घरांत खिडकीशी जे लिंबू दिसतं ते बहुतेकदा हेच. शेजारी कढीपत्ता असतो, कारण पोहे तिथेही होतात. दोघं एकाच कुळातले, बेलाचे भाऊबंद. दोघांवर सिट्रस सायला ही एकच कीड येते, म्हणून अमेरिकेत काही राज्यांत कढीपत्त्याची कुंडी इकडून तिकडे न्यायलाही बंदी आहे. ऑक्टोबरात पहिलं हिम पडायच्या आत दोन्ही कुंड्या उचलून हॉलमध्ये घ्यायच्या, मेमध्ये पुन्हा बाहेर. हीटरच्या कोरड्या हवेत लिंबाची निम्मी पानं झडतात, मग इकडे आईला व्हिडिओ कॉलवर ती काडी दाखवली जाते. आई म्हणते, "पाणी घाल गं थोडं." हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो; का, ते पुढे येईल.

आणखी एक घोटाळा नावाचा आहे. बाहेरच्या पुस्तकांत ज्याला लेमन म्हणतात ते आपलं लिंबू नव्हे. आपलं कागदी लिंबू म्हणजे लाइम. जनुकांच्या तपासणीतून असं दिसलं की ते मायक्रांथा नावाच्या एका रानटी फळाच्या आणि महाळुंगाच्या संकरातून आलं, तर लेमन हे आंबट संत्र्याच्या आणि महाळुंगाच्या. म्हणजे बाप एक, आया दोन. मराठीने मात्र या कुळातल्या एकेकाला स्वतंत्र नाव दिलेलं आहे: ईडलिंबू, साखरलिंबू, जांभेरी, पपनस आणि खुद्द महाळुंग, जे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. इतकी नावं असूनही 'घरातल्या कुंडीत लिंबू कसं वाढवावं' हे वाचताना नगरचा माणूस मेयरसाठी लिहिलेलं ऐकतो आणि करतो कागदी लिंबाला. मेयर कमी उन्हावर निभावून नेतं. कागदी लिंबाला ऊन लागतं, आणि भरपूर लागतं.

बरेच जण सुरुवात करतात ती सरबत करताना चाळणीत राहिलेल्या बीपासून. त्यात चूक नाही, फक्त ते बी लगेच पेरावं लागतं. वाळलं की त्यातला जीव जातो. उगवलं की घरातली मुलं धावत सांगायला येतात, "एका बीतून दोन आलेत!" कधी तीनही येतात. सूक्ष्मदर्शकवाल्या लीवेनहूकने 1719 मध्ये संत्र्याच्या बीत हा प्रकार पाहून नोंदवला होता. त्या दोन-तीन कोंबांत फार तर एक परागातून जन्मलेला असतो, बाकीचे बीभोवतीच्या आईच्याच पेशींतून उठलेले. म्हणून कागदी लिंबाचं रोप बीपासून केलं तरी बव्हंशी आईसारखंच निघतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'साई सरबती' आणि 'फुले सरबती' या वाणांचा संसार याच गुणावर चालतो. रोपवाटिकेत त्यांची रोपं बी टाकून करता येतात. आंब्याचं असं करून बघावं, कोयीतून काय निघेल याचा नेम नाही.

पण बीचं झाड आधी बालपण भोगतं. चार-पाच वर्षं ते नुसतं वाढतं आणि अंगभर काटे काढतं. जमिनीत ही वर्षं निघून जातात. कुंडीत मुळांना जागा नसल्याने बालपण लांबतं, आणि तेवढ्यात भाड्याचं घर बदलण्याची वेळ येते. घाई असेल त्याने गुटी आणावी. पावसाळ्यात फळत्या झाडाची पेन्सिलीएवढी फांदी निवडायची, इंचभर साल गोल काढून टाकायची, तिथे ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं. दोनेक महिन्यांत प्लास्टिकच्या आत पांढरी मुळं दिसू लागतात. ही फांदी वयाने मोठ्या झाडाची असते, त्यामुळे कुंडीत गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळी धरू शकते. मामाकडे झाडं आहेत, पण मामाकडून गुटी मागून आणणारे भाचे कमी. ते रोपवाटिकेत पैसे मोजतात.

आता उन्हाबद्दल. इथे डोळा फसवतो. भर दुपारी नगरच्या गच्चीवर उभं राहिलं तर प्रकाश एक लाख लक्सपर्यंत जातो. त्याच वेळी हॉलमध्ये, जिथे पेपर सहज वाचता येतो आणि घर 'हवेशीर, उजेडाचं' म्हणून घेतलेलं असतं, तिथे दोन-तीनशे लक्स असतात. आपली बाहुली रुंदावते आणि फरक मिटवून टाकते. पानाला बाहुली नाही. सोफ्याशेजारी ठेवलेलं लिंबू त्याच्या हिशेबाने संध्याकाळनंतरच्या अंधारात दिवस काढत असतं. शेंडे लांबतात, पानं मोठी आणि पातळ होतात. घरच्यांना वाटतं झाड जोमात आहे. ते उजेड शोधत असतं.

गॅलरी दक्षिणेची असली तर काम होईल असं वाटतं आणि हिवाळ्यात होतंही. सूर्य खाली कललेला असतो, ऊन फरशीवर आतपर्यंत येतं. पण नगर 19 अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. वरच्या मजल्याची स्लॅब मध्ये असल्यामुळे या काळात दक्षिणेच्या गॅलरीत थेट ऊन जवळजवळ उतरतच नाही. पश्चिमेच्या गॅलरीचं दुखणं उलटं. एप्रिलमध्ये 40 अंशांच्या पुढे गेलेल्या दुपारी काळी प्लास्टिकची कुंडी हात लावून बघावी. पानांना हवं ते ऊन मुळांना मिळत असतं. तिला पांढरा चुना फासला, पोत्याचा तुकडा गुंडाळला, किंवा ती मोठ्या मातीच्या कुंडीत बसवली तर झाड निभावतं.

माती हाही इथला जुना विषय. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, त्यांत जवाहरलाल नेहरू होते. ते मार्च 1945 पर्यंत इथे राहिले. तिथे लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या सुरुवातीलाच त्यांनी आपल्या बागकामाचं वर्णन केलं आहे: उन्हातान्हात वाफे खणले, पण माती वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्यारोड्याने भरलेली. नगरात नव्या इमारतीच्या आवारातून कुंडीसाठी घमेलंभर माती उचलणाऱ्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल. वाळूचे खडे, सिमेंटचे खपले, एखादा खिळा. शिवाय चुना. काळी माती नुसती भरली तर ती ओली असताना हवा कोंडते आणि वाळली की कडेने फाटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून तसंच बशीत. पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू, एवढ्यावर लिंबू खूश असतं. कोकोपीटचं हल्ली फार प्रस्थ आहे, पण नगरच्या उन्हात ते एकदा कोरडं पडलं की पुन्हा भिजायला तयार होत नाही.

चुन्याचा त्रास पाण्यातूनही येतो. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या कडेला पांढरी रेघ उमटवणारं. माती हळूहळू अल्कधर्मी होते, तिच्यातलं लोह असून नसल्यासारखं होतं. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. याला 'केवडा पडला' म्हणतात. आजाराला इतकं देखणं नाव मराठीतच मिळावं. उपाय म्हणून हिराकस देतात आणि त्याच्या जोडीला पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड. म्हणजे लिंबाच्या झाडाला लिंबाचंच सत्त्व पाजायचं. शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते 1784 मध्ये लिंबाच्या रसातून वेगळं काढलं होतं. किराणा दुकानात पुडीत मिळणारं आजचं लिंबूफूल मात्र लिंबाचं तोंडही न बघितलेलं, साखरेवर किंवा मळीवर बुरशी वाढवून केलेलं असतं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तेही परकं नाही.

आणि पाणी. नगरात पाणी कायमच दुरून आणावं लागलं. निजामशाहीत खापरी नळांतून आणलं, तेव्हा कुठे फराहबक्ष महालाभोवतीचा तलाव भरला. आता राहुरीजवळच्या मुळा धरणातून येतं. पाण्याची किंमत माहीत असलेलं हे गाव. जिल्ह्यातल्याच हिवरे बाजारला तर दरवर्षी गावात किती पाऊस पडला आणि कोणाला किती पाणी वापरता येईल याचा ताळेबंद मांडतात. असं असूनही लिंबाच्या कुंड्या नगरात तहानेपेक्षा बुडून जास्त मरतात. सकाळी आजोबा देवपूजेनंतर तांब्यातलं उरलेलं पाणी घालतात, दुपारी वहिनी तांदूळ धुतलेलं, संध्याकाळी मूल बाटलीतलं उरलेलं. बशीत पाणी साचतं, मुळं घुसमटतात, बुंध्याला डिंक सुटतो. पानं मरगळलेली दिसली की सगळ्यांचा एकच निष्कर्ष: पाणी कमी पडलं.

मामा दिवाळीला येतो तेव्हा पिशवीभर लिंबं ओट्यावर ठेवतो आणि गॅलरीत जाऊन मातीत बोट खुपसतो. "पाणी लई पाजताय. मरू द्या की जरा तहानेनं." घरच्यांना हे क्रूर वाटतं. मामा शेतीची बाराखडी सांगत असतो.

कागदी लिंबाला मनात आलं की फुलायची सवय आहे. वर्षभर थोडं थोडं. पण एकगठ्ठा बहार हवा तर झाडाला आधी थांबवावं लागतं. युरोपात हे काम थंडी करते. दख्खनमध्ये तेवढी थंडी नाही, म्हणून पाणी तोडतात. यालाच 'ताण देणं' म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पानं दुपारी वळतात, काही गळतात. झाड वाढ थांबवून फांदीत अन्न साठवतं. मग ताण तोडायचा, तोही एकदम नाही. पहिलं हलकं पाणी ते आंबवणीचं, तीन-चार दिवसांनी दुसरं ते चिंबवणीचं, मग नेहमीच्या पाळ्या. जानेवारी-फेब्रुवारीत फुललं तर आंबे बहार, पावसाच्या तोंडावर फुललं तर मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात फुललं तर हस्त. फुलापासून फळापर्यंत पाच-सहा महिने धरले तर हस्त बहाराची लिंबं नेमकी मार्च-एप्रिल-मेमध्ये हाताशी येतात, जेव्हा रसवंत्या आणि सरबताच्या गाड्या लागतात आणि भाव चढतो. सिसिलीतले शेतकरी हेच करतात. तिथे जून-जुलैत लेमनचं पाणी तोडून झाड कोमेजू देतात आणि मग एकदम पाजतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात हिरवी लिंबं मिळतात. 'व्हर्डेल्ली' हे त्यांचं नाव. श्रीगोंद्याला सिसिलीने शिकवलं नाही, सिसिलीला श्रीगोंद्याने नाही. उन्हाळ्यातला भाव दोघांना आपापला कळला.

हस्त बहाराची अडचण अशी की त्यासाठी ताण द्यायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा पाऊस चालू असतो. आभाळाचा नळ कोण बंद करणार? म्हणून मळ्यात फवारण्या कराव्या लागतात. शिफारशीत जूनमध्ये जिबरेलिक ॲसिड, सप्टेंबरात सायकोसेल, ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट असा क्रम असतो. एवढं करूनही परतीचा पाऊस लांबला की कळीऐवजी नुसती नवती फुटते आणि वर्षाचा भाव हातचा जातो.

इथे गॅलरीतल्या लिंबूटिंबूचा नंबर लागतो. त्याच्या डोक्यावर स्लॅब आहे. तेच छप्पर, जे मे महिन्यात त्याचं ऊन अडवतं, ऑगस्टमध्ये त्याचा पाऊसही अडवतं. बागायतदाराला लाखभर रुपये खर्चून जमणार नाही ते इथे झारी खुंटीला अडकवून ठेवली की जमतं. कुंडीत माती थोडी असल्यामुळे महिनाभर वाटही बघावी लागत नाही. आठवडा-दहा दिवसांत पानं वळू लागतात. तेवढा काळ आजोबांना तांब्यापासून दूर ठेवणं एवढंच अवघड काम.

आणि बहुतेक घरांत ते ठरवून होतच नाही, चुकून होतं. गौरी-गणपतीला सगळे गावी जातात, कोणाला पाणी घालायला सांगायचं राहतं. दहा दिवसांनी कुलूप उघडलं तर झाड मान टाकून उभं, खाली पानांचा सडा. घरभर हळहळ होते. अपराधी मनाने कोणीतरी बालदीभर पाणी ओततं. (आंबवणी, चिंबवणी सगळं एकदमच.) आणि तीनेक आठवड्यांनी, दसऱ्याच्या आगेमागे, पानांच्या बगलेत तांदळाएवढ्या पांढऱ्या कळ्या. रात्री गॅलरीचं दार उघडलं की मोगरा नसताना कसला वास येतोय असा प्रश्न पडतो. शेजारी दुसरं झाड नसलं तरी चालतं, कागदी लिंबाचं स्वतःच्या परागावर भागतं. चौथ्या मजल्यावर मधमाशी फिरकली नाही तर कोरडा रंगाचा ब्रश फुलाफुलावरून फिरवावा. फुलांतली बहुतेक गळून जातात, हिरव्या मण्यांएवढी झालेली फळंही गळतात. मामाच्या झाडाखालीही तसाच सडा असतो, फक्त तिथे कोणी तो मोजत नाही.

मधमाशी येवो न येवो, लिंबाचं फुलपाखरू येतंच. काळं, पिवळ्या ठिपक्यांचं, मागच्या पंखांवर तांबडा डाग. त्याला चौथा मजला कसा सापडतो हे बघत राहण्यासारखं आहे; मादी पानावर पाय टेकून चव घेते, पायांनी, आणि खात्री पटली की पिवळसर मण्यासारखं एकेक अंडं चिकटवून जाते. अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून झाडलोट करणाऱ्यांच्याही नजरेतून सुटते. मोठी झाली की पोपटी. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मळ्यात मामा हिच्यावर फवारणी करतो. गॅलरीत प्रकरण इतकं सोपं नसतं, कारण मुलाने तोवर तिला नाव ठेवलेलं असतं. एकेक अळी दिवसाला कितीतरी पानं फस्त करते. कुंडीतल्या झाडाला पानं किती असणार? घरात दोन पक्ष पडतात. तडजोड म्हणून अळ्या उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर सोडतात. तोही त्यांना चालतो. मग फोडणीच्या वेळी वहिनींच्या लक्षात येतं की कढीपत्त्याचा खराटा झालाय.

2021 मध्ये पाऊस सप्टेंबरनंतरही सरला नाही आणि मळ्यांतला हस्त बहार धुऊन निघाला. त्याचा हिशेब 2022 च्या एप्रिलमध्ये चुकता झाला. किरकोळ बाजारात एक लिंबू दहा रुपयांना गेलं. हॉटेलांत कांद्याबरोबर फोड मिळेना. दाराच्या लिंबू-मिरचीवरही परिणाम झाला असावा. मामाकडून पिशवी आली नाही, त्याच्याच झाडांवर काही नव्हतं. स्लॅबखालच्या कुंड्यांना तो पाऊस लागलाच नव्हता. गौरी-गणपतीत ज्यांना विसरून सगळे गावी गेले होते, त्यांतल्या एखादीवर पाच, एखादीवर सात लिंबं लटकत होती, बोरापेक्षा मोठी, अंड्यापेक्षा लहान, पिवळेपणाकडे झुकलेली.

ती कोणी तोडली नाहीत. आल्यागेल्याला गॅलरीत नेऊन दाखवली. आजोबा रोज मोजत. एकदा पाच होती आणि चार भरली तेव्हा मुलाची चौकशी झाली, पण लिंबू कुंडीमागेच पडलेलं सापडलं. ते धुऊन, पुसून फळांच्या टोपलीत, आंब्यांच्या वर ठेवलं. रविवारी पोहे झाले. वहिनींनी सुरी घेतली, टोपलीकडे हात नेला, मागे घेतला आणि मुलाच्या हातात दहाची नोट दिली. "जा रे, खालून एक लिंबू घेऊन ये."